आवाजाचं बिऱ्हाड

जळगाव स्टेशनात दोन रेल्वेमार्ग मिळतात. एक मुंबईहून मनमाड-चाळीसगाव करत भुसावळकडे जाणारा, दुसरा सुरतेहून नंदुरबार-अमळनेर करत येणारा. या दुसऱ्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून टाप्टी लाईन म्हणतात. माझे आजोबा रेल्वेच्या पार्सल हापिसात कारकून होते. फाळणीनंतर सिंधमधली माणसं खानदेशात कशी आली, हे त्यांनी फलाटावर उभं राहून पाहिलं होतं. माणूस कुठल्या गाडीतून उतरला यावरून त्याचा रस्ता कळायचा, असं ते सांगत. कराचीहून बोटीनं मुंबईला आलेले, कल्याणच्या छावणीत काही दिवस काढलेले लोक मुंबईच्या गाडीनं यायचे. ओखा बंदरात उतरलेले किंवा मारवाडातून गुजरातेत आलेले सुरतेच्या गाडीनं. खानदेशातल्या सिंधी वस्त्या आठवून पाहा : नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव, आणि चाळीसगावहून फुटणाऱ्या फाट्याच्या टोकाचं धुळं. सगळी स्टेशनंच आहेत. जिथं गाडी थांबली तिथं माणसं उतरली आणि जिथं उतरली तिथंच त्यांनी खाटा टाकल्या.

सिंधमधून दहा-बारा लाख हिंदू बाहेर पडले असं मानतात. पंजाबात झाली तशी कत्तल सिंधमध्ये सुरुवातीला झाली नव्हती, त्यामुळे पुष्कळांनी घर धरून ठेवलं होतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि मग बोटी भरभरून निघाल्या. आजोबांच्या फलाटावर ही माणसं पोचली ती त्या वर्षाच्या उन्हाळ्यात. भूक होती, ऊन होतं, कडेवर लेकरं होती. पण आजोबांना आयुष्यभर आठवत राहिली ती पार्सल हापिसाची भिंत. उतरलेला प्रत्येक जण आधी पाणी प्यायचा आणि मग कोळशाच्या तुकड्यानं त्या भिंतीवर काहीतरी लिहायचा. लिपी अरबी वळणाची. हापिसात ती कुणालाच वाचता येत नव्हती. स्टेशनमास्तरांनी भिंत पुसून घ्यायला सांगितलं, तेव्हा एका वयस्क गृहस्थानं हात जोडून आजोबांना अर्थ समजावला. माणसाचं नाव, गावाचं नाव, आणि इथून कुठं गेलो ते. मागून येणाऱ्या भावानं, मेहुण्यानं, मुलानं वाचावं म्हणून. भिंत तशीच राहू दिली गेली. पावसाळ्यात ओल आली आणि ती नावं आपोआप गेली.

आजोबा हे सांगून थांबत नसत. ते म्हणत, "भिंत कितीक लोकं वाचतील? हे सांगायला रेडू पाह्यजे होता." आणि मग ते दिल्लीची गोष्ट सांगत.

दिल्लीत तेव्हा तसा रेडिओ होताच. फाळणी झाली तेव्हा देशातल्या नऊ आकाशवाणी केंद्रांपैकी सहा आपल्याकडे राहिली आणि लाहोर, पेशावर, ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. दिल्ली केंद्रावरून त्या काळात निर्वासितांचे निरोप वाचले जात. अमुक गावचा अमुक माणूस अमक्या छावणीत सुखरूप आहे, त्याच्या घरच्यांनी कळवावं. अशा निरोपांना ना चाल, ना वाद्य, ना निवेदनाची खुमारी. एकामागून एक नावं. छावण्यांमधून कर्ण्यांसमोर माणसं तासन् तास बसून राहायची, कारण आपलं नाव कधी येईल याचा नेम नव्हता. माझ्या मते आपल्या देशात नभोवाणीनं केलेलं सगळ्यात मोठं काम हे आहे, आणि नभोवाणीचा इतिहास सांगताना त्याला दोन ओळी मिळतात याचं मला फार वाईट वाटतं.

याच दिल्लीत १२ नोव्हेंबर १९४७ ला, दिवाळीच्या दिवशी, महात्मा गांधी नभोवाणी भवनात गेले. कुरुक्षेत्राच्या छावणीत तेव्हा दोन लाखांहून अधिक निर्वासित होते. गांधीजींना तिथं प्रत्यक्ष जायचं होतं, ते जमलं नाही, म्हणून ते ध्वनिक्षेपकापुढे बसले. आयुष्यात रेडिओ केंद्रात जाऊन बोलण्याची त्यांची ती पहिली आणि शेवटची वेळ. या यंत्रात त्यांना ईश्वरी शक्तीचा चमत्कार जाणवला, असं ते त्या भाषणात म्हणाले. तो दिवस आता सार्वजनिक प्रसारण दिन म्हणून दरवर्षी पाळतात. त्या दिवसाच्या समारंभांत गांधीजींचा गौरव होतो, यंत्राचा होतो. श्रोते कोण होते हे मात्र मागे पडतं. ते होते घरदार गमावलेले, थंडीत तंबूत बसलेले, दिवाळीला पणती नसलेले लोक. निर्वासितांचा रेडिओ ही परदेशातून आलेली नवी कल्पना आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला ही तारीख सांगावी. पुढे १९९४ मध्ये रवांडात संहार झाला, कुटुंबं फुटून शेजारच्या देशांच्या छावण्यांत विखुरली, तेव्हा बीबीसीनं त्यांच्या भाषेत एक खास प्रसारण सुरू केलं. हरवलेल्यांची नावं सांगायची, एवढंच त्याचं आरंभीचं काम. दिल्लीत सत्तेचाळीस साली झालं होतं, तेच.

घर सुटलेल्या माणसाला काय लागतं, हे आपण सरकारी कागदांवरून ठरवतो : धान्य, पत्रे, जमीन, कर्ज. ते लागतंच. पण तो पहिला प्रश्न विचारतो तो माणसांचा. आमची कुठं आहेत? आणि त्यांना कळेल का, मी इथं आहे ते?

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, बळीराम पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यामुळे पुढची गोष्ट मला त्यांच्याकडून मिळाली, आणि थोडी मी स्वतः दुकानातल्या बाकड्यावर बसून ऐकली. मोठे वाल्व्हचे सेट, लाकडी पेटीचे मर्फी, नंतर चामडी पिशवीतले ट्रान्झिस्टर. सेट गरम व्हायला वेळ लागायचा, धाब्याच्या घरावर तांब्याच्या जाळीची एरियल ताणावी लागायची आणि पोस्टात जाऊन वर्षाचं लायसन भरावं लागायचं. दुकानाची बरीच गिऱ्हाइकं सिंधी कॉलनीतली. फाळणीला दहा-बारा वर्षं झाली होती. खाटांच्या जागी खोल्या झाल्या होत्या, फेरीवाल्यांची दुकानं झाली होती. मुलं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकत होती. ज्यांनी गाव सोडताना मुलांना खांद्यावर घेतलं होतं, त्या म्हाताऱ्या माणसांची मात्र मराठीशी गाठ पडली ती भाजीबाजारापुरती.

त्यांपैकी एक अम्मा होत्या. सक्करकडच्या. त्यांचा सेट दुरुस्तीला फारसा नसायचाच, तरी त्या घेऊन यायच्या. अण्णांना एकच काम सांगायच्या : काट्याखाली, पट्टीवर एका जागी लाल ठिपका देऊन ठेव. सुई तिथं आणली की रात्री सिंध लागायचं. मध्यम लहरींचं हे एक गुपित आहे. दिवसा सूर्याच्या किरणांनी वरच्या वातावरणाच्या खालच्या भागात असा थर तयार होतो की या लहरी त्यात विरून जातात. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो, मग लहरी आणखी वरच्या थराला धडकून परत जमिनीवर येतात, शेकडो कोसांवर. कराची जळगावपासून सरळ रेषेत हजारेक किलोमीटर. दिवसा मुंबईसुद्धा खरखरायची तिथं रात्री नऊनंतर पाकिस्तानातलं सिंधी बोलणं स्वच्छ ऐकू यायचं, मध्येच ओसरायचं, परत यायचं.

मुंबई केंद्रावरही सिंधी कार्यक्रम लागायचा. अम्मा तोही ऐकायच्या. गाणी, नाटुकली, सगळं चांगलं असतं म्हणायच्या. मग ठिपका कशाला, असं अण्णांनी एकदा विचारलं. त्यावर त्यांनी सांगितलेलं ऐकून अण्णा गप्प झाले. अम्मा सिंधूचं पाणी ऐकायच्या. सक्करला नदीवर मोठा बंधारा आहे, १९३२ साली पुरा झालेला. त्याच्या कालव्यांवर लाखो एकर भिजतात. पावसाळ्यात बंधाऱ्यावर पाणी किती आलं हे रेडिओवर सांगायचे. अम्मांची जमीन त्यातल्याच एका कालव्याखाली होती. ती आता त्यांची नव्हती, कोण कसतंय ठाऊक नव्हतं, परत जायचा प्रश्न नव्हता. तरी पाणी चढल्याचं कळलं की त्यांचा जीव निवायचा. या वर्षी भात होईल, असं त्या जळगावच्या खोलीत बसून सुनांना सांगायच्या.

१९६५ साली सप्टेंबरात लढाई सुरू झाली आणि अम्मा भर दुपारी दुकानात आल्या. सेट कापडात गुंडाळलेला. ठिपका खरवडून टाक म्हणाल्या. कुणी काही म्हणालं नव्हतं, शेजारी चांगले होते, पण त्यांच्या मुलाला धास्ती वाटत होती. शत्रूचं स्टेशन ऐकतात, असं उद्या कुणी म्हणायला नको. अण्णांनी ब्लेडनं ठिपका खरवडला. ही गोष्ट सांगताना अण्णांचा आवाज नेहमी बदलायचा. ज्या माणसानं त्या देशापायी सर्वस्व घालवलं, त्याच्यावर त्या देशाचा हस्तक म्हणून संशय यावा, एवढ्या भीतीनं नदीची पातळी ऐकणं सोडावं लागणं ही काय शिक्षा आहे? मला यात राष्ट्रभक्तीला तडा जाणारं काहीही दिसत नाही. जन्मगावच्या पाण्याची चौकशी करणं हा कुठल्याच देशाविरुद्ध गुन्हा होऊ शकत नाही. जानेवारीत ताश्कंदचा करार झाला. पुढे केव्हातरी अम्मा पुन्हा आल्या आणि अण्णांनी न विचारता ठिपका दिला.

पुढच्याच वर्षी, १० एप्रिल १९६७ ला, सिंधी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ज्या भाषेला देशात स्वतःचा प्रांत नाही, तिला मिळालेला हा मान लहान नव्हता. जळगावच्या सिंधी कॉलनीत आजही संत कंवरराम यांचं नाव दिसतं, ऐकू येतं. गावोगाव फिरून भगत या प्रकारातली भक्तिगीतं गाणारा हा माणूस १ नोव्हेंबर १९३९ ला सिंधमधल्या रुक स्टेशनावर गोळ्या घालून मारला गेला. त्यांच्या गळ्याच्या थोड्या तबकड्या निघाल्या होत्या. घर सोडताना माणसांनी दागिने घेतले, देव घेतले, आणि कुणी कुणी या तबकड्या घेतल्या. अण्णांकडे एक खरचटलेली तबकडी आली होती. सुई अडकायची, तेवढ्या भागात ऐकणारे स्वतः गाऊन घ्यायचे. भारतीय टपाल खात्यानं २०१० साली कंवररामांचं तिकीट काढलं, तेव्हा अण्णा म्हणाले, अम्मांच्या घरी हे कळवलं पाहिजे. अम्मा तेव्हा नव्हत्या.

जळगावला स्वतःचं आकाशवाणी केंद्र आलं १९७६ मध्ये. त्याआधी खानदेशानं रेडिओ म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर असं दुसऱ्यांच्या गावचं ऐकलं. माझी आजी पहिल्यांदा अहिराणी गाणं रेडिओवर लागलं तेव्हा चुलीपुढून उठून आली आणि पेटीच्या मागे बघून म्हणाली, "हाई ते आपलाच गावनी बाई शे!" शिकलेल्या बायका रेडिओवर बोलतात, आपल्यासारखं बोलणारी तिथं कशी, हे तिला पटेना. तिचं घर कुणी हिरावलं नव्हतं, ती पिढ्यान् पिढ्या तिथंच होती. तिलासुद्धा स्वतःची बोली पेटीतून ऐकल्यावर एवढं उभारी आल्यासारखं झालं. मग ज्यांचं सगळंच गेलं त्यांना काय होत असेल, याचा अंदाज करावा. पुढे धुळ्यालाही आकाशवाणीचं एफएम केंद्र झालं.

खानदेशात बाहेरून निर्वासित आले, तसे खानदेशातच विस्थापित तयारही झाले. तापीवर गुजरातेत उकाई धरण १९७२ च्या सुमारास झालं, त्याच्या फुगवट्यात त्या वेळच्या धुळे जिल्ह्यातली नवापूर-नंदुरबारकडची गावं उठली. जळगाव जिल्ह्यात हतनूर झालं १९८२ मध्ये, तापी-पूर्णेच्या काठची काळी जमीन पाण्याखाली गेली. मात्र मला बोलायचं आहे ते नर्मदेविषयी, कारण त्या गोष्टीचे साक्षीदार आमच्या घरात आहेत. माझे धाकटे काका तळोद्याला शिक्षक होते. नोकरी संपल्यावरही ते तिथंच राहिले.

सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं आली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली, सगळी आदिवासी. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, त्याआधी हा सारा धुळे जिल्हा. मणिबेली सगळ्यात खाली, म्हणून पहिला मार तिनं खाल्ला. १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरं पाण्यात गेली. नंतर वर्षावर्षानं पाणी चढत गेलं तशी धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डोमखेडी, निमगव्हाण. काही माणसं काठावरच वर सरकली आणि लढत राहिली, काही तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसाहतींत आली. सोमावल, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर. नदी मागे राहिली, नाव तेवढं सोबत आलं.

काकांच्या ओळखीचे एक पावरा आदिवासी आजोबा होते, काठावरच्या गावातले पुंजारा, म्हणजे पुजारी. काकांनी त्यांच्याकडून ऐकलेलं मला पुष्कळदा सांगितलं. सातपुड्यातलं गाव म्हणजे आपल्यासारखी घराला घर लागून असलेली आळी नव्हे. एका टेकाडावर एक घर, शेत त्याच्या भोवती, मग नाला, मग दुसरं टेकाड. शेजारी म्हणजे अर्ध्या कोसावरचा. पण तिथं हाकेची रीत होती. संध्याकाळी माणूस अंगणाच्या टोकाला उभा राहायचा, हात तोंडाशी धरून लांब सूर काढायचा, आणि समोरच्या डोंगरावरून उत्तर यायचं. बैल हरवला, पाहुणे आले, बाईला कळा सुरू झाल्या, उद्या कुणाच्या शेतात लाह्याला, म्हणजे एकमेकांच्या कामाला, जायचं. मयत झालं तर ढोलाचा ठोका वेगळा, होळीला वेगळा. डोंगर आवाज पुढं देतात, असं ते म्हणत. नदीपलीकडच्या भिलाला लोकांत इंदल सणाच्या रात्री गायणा गातात, नर्मदा कशी जन्मली आणि समुद्राकडे कशी गेली याची ती लांबलचक कथा. तीही कुठं लिहिलेली नव्हती, गळ्यातच होती.

वसाहतीत आल्यावर ते आजोबा काकांना म्हणाले, "मास्तर, डोंगरात घर लांब होतं, पण हाक पोचायची. इथं भिंतीला भिंत लागली. अन् माझी बहीण कोणत्या वसाहतीत गेली, तिला हाक कशी मारू?"

त्यांचं गाव एका वसाहतीत आलंच नव्हतं. जमीन जिथं मिळाली तिथं चार घरं, दुसरीकडे सहा, काही वरच राहिलेली. एकाच कुळातली माणसं तीन-चार ठिकाणी. कागदावर पुनर्वसन मोजलं जातं ते कुटुंबागणिक, आणि तसं मोजलं की गाव फुटतं ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ चा. त्यात बुडणाऱ्यांसाठी काय काय करायचं याची यादी आहे, आणि त्या काळाच्या मानानं ती खरोखर उदार आहे. कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन. घरासाठी साठ बाय नव्वद फुटांचा भूखंड. शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची शाळा. पाचशे कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्याचं कोठार, मुलांसाठी बाग, गावतळं. पन्नास कुटुंबांमागे हाळ बांधलेली एक विहीर. आणि पन्नास कुटुंबांमागे एक ओटा. हा ओटा मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसांना नुसतं राहायचं नसतं, संध्याकाळी एकत्र बसायचंही असतं, हे त्या निवाड्याला सुचलं होतं. जमिनीसाठी तिथल्या माणसांना किती वर्षं झगडावं लागलं हा इतिहास वेगळा आहे आणि तो अजून पुरता संपलेला नाही. मी ओट्याविषयी बोलतोय. ज्या वसाहतींत तो झाला तिथंही त्यावर बसणारी माणसं वेगवेगळ्या पाड्यांतली. ज्यांच्याशी बोलायचं ती पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या ओट्यावर. या दोन ओट्यांमध्ये काय असावं, याचा विचार यादीत नव्हता.

पुंजारा आजोबांच्या घरात मुलानं आणलेला ट्रान्झिस्टर होता. संध्याकाळच्या मराठी बातम्या ते लावायला सांगत. मराठी जेमतेम कळायची, पण एक आकडा त्यांना अचूक समजे. धरणाची उंची. आज एवढे मीटर, उद्या एवढे. २००६ च्या अखेरीला भिंत १२१.९२ मीटरवर पोचली, तेव्हा ते ऐकून त्यांनी वर राहिलेल्या आपल्या पुतण्याचं शेत कुठवर बुडणार हे बोटानं अंगणात आखून दाखवलं. २०१७ च्या जूनमध्ये दरवाजे बंद करायला परवानगी मिळाली आणि पातळी १३८.६८ मीटरपर्यंत नेता येणार हे ठरलं, तेव्हा ते हयात नव्हते. काका हे सांगतात तेव्हा मला सक्करच्या अम्मा दिसतात. तिथंही रेडिओ, तिथंही पाण्याचा आकडा. पण अम्मांना तो आकडा त्यांच्या स्वतःच्या बोलीत मिळत होता आणि त्यात पिकाची आशा होती. पुंजाऱ्यांना तो परक्या बोलीत, कुठल्या तरी शहरात बसलेल्या माणसाच्या तोंडून मिळाला. तो आवाज त्यांना काही विचारत नव्हता आणि त्यांना त्याच्याशी काही बोलता येत नव्हतं.

रेडिओनं विचारावं आणि ऐकावंही, हे काही नवं मागणं नाही. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांची श्रोतामंडळं चालवली होती. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. लोक एकत्र ऐकत, चर्चा करत, प्रश्न लिहून पाठवत आणि पुढच्या भागात उत्तर येई. म्हणजे नाशिकपर्यंत ही गोष्ट आली होती. आमच्या अलीकडेच थांबली.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये सरकारनं शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. साताऱ्याच्या माणदेशात, म्हसवडला, २००८ पासून बायकांनी उभं केलेलं माणदेशी तरंग चालू आहे. दिल्लीजवळ गुडगावला २००९ मध्ये असंच एक केंद्र निघालं, त्याचे श्रोते मुख्यतः पोटासाठी आलेले स्थलांतरित मजूर. आणि आम्हाला सगळ्यात जवळचं उदाहरण नर्मदेच्या पल्याड आहे. मध्य प्रदेश सरकारच्या आदिवासी खात्यानं २०११ मध्ये वन्या या नावानं सामुदायिक रेडिओ केंद्रं सुरू केली, त्यातलं एक अलिराजपूर जिल्ह्यात भाबऱ्याला, चंद्रशेखर आझादांच्या जन्मगावी. भाषा भिली. म्हणजे नदीच्या उत्तरेला सरकारला जे करावंसं वाटलं, ते दक्षिणेला, जिथं गावंच्या गावं उठवली गेली, तिथं का सुचू नये?

अडचणी मला ठाऊक आहेत, अण्णांच्या दुकानात वाढल्यामुळे थोड्या जास्तच. सामुदायिक केंद्राला लहान प्रक्षेपक मिळतो, मनोरा तीस मीटरपर्यंत. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू जातं. तळोदा तालुक्यातल्या बऱ्याच वसाहती तेवढ्यात येतील. पण जे काठावर वर राहिले आहेत, त्यांच्या आणि तळोद्याच्या मध्ये सातपुडा उभा आहे. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. तिकडे धडगावच्या बाजूला दुसरं केंद्र लागेल, आणि इकडचं बोलणं तिकडे पाठवायची सोय. दुसरी अडचण कायद्याची. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, दिल्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा द्याव्या लागतात. माझ्या मते हा नियम अन्यायाचा आहे. तरी त्यातही हवामान, पूर, वीज-पाण्याची माहिती, नोकरभरती, परीक्षांचे निकाल सांगता येतात. धरणातून पाणी सोडणार आहेत हे नदीकाठच्या माणसाला त्याच्या भाषेत आधी कळवणं, एवढं एक काम झालं तरी त्या मनोऱ्याचा खर्च निघाला असं मी धरीन.

हातात मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, असं तरुण मुलं विचारतात. त्यांचे गट आहेत, त्यावर लग्नाचे फोटो येतात, मरणाच्या बातम्या येतात. पण ज्या आजीला अक्षर येत नाही, तिच्या हातात तो फोन नसतो, नातवाच्या खिशात असतो आणि नातू मजुरीला सुरतेकडे गेलेला असतो. आवाज सगळ्यांसाठी एकाच वेळी, मोठ्यानं, अंगणात यावा लागतो. तरच त्यावर बोलणं होतं.

गेल्या हिवाळ्यात काकांकडे गेलो होतो तेव्हा एका वसाहतीत बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. काकांनी रेडिओचा विषय काढला आणि बघता बघता भांडण पेटलं. एकीचं म्हणणं पावरीतच बोलायचं. दुसरी वसावे, ती म्हणाली देहवाली बोलणाऱ्यांनी काय कान बंद करायचे? तडवींच्या घरातली एक मागून ओरडली की मणिबेली आमची, बुडाली पहिली आमची, पहिला दिवस आमचा. वाटणी झाली शेवटी : वार लावून द्यायचे. मग कार्यक्रम काय, यावर पुन्हा गलका. भाव, पाऊस, कुणाच्या मुलीची सोयरीक, दवाखान्यात डॉक्टर आहे की नाही ते सकाळी सातला सांगायचं, म्हणजे भाडं खर्चून जाऊन परत यायला नको.

ओट्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, एवढा वेळ गप्प. ते म्हणाले, आधी हजेरी घ्या. तेहतीस गावं, त्यांचे सगळे पाडे, एकेक नाव घेऊन. कोण कुठं आहे ते त्यानं त्यानं येऊन सांगायचं, वर राहिलेल्यांनीसुद्धा. महिनाभर लागला तर लागू द्या, तोवर गाणं-बिणं काही नको. काकांनी विचारलं, वाचेल कोण? त्यांनी आपल्या नातीकडे बोट दाखवलं, नर्मदा आंदोलनानं चालवलेल्या जीवनशाळेत शिकलेली, आता नर्सिंगला आहे. मास्तरनं नाही वाचायचं, ती वाचेल, म्हणाले. मास्तर आमच्या पाड्यांची नावं नीट उच्चारत नाही.

काका हसून कबूल झाले. अर्ज करायला संस्था किमान तीन वर्षांची नोंदणी झालेली लागते. बचत गटांचा संघ त्याहून जुना निघाला. मुलगी वहीत गावांची नावं लिहायला बसली आणि धनखेडीच्या पाड्यांवर पुन्हा वाद सुरू झाला.